रस्ता चालण्याचा आणि थांबण्याचाही

(पुण्यातील विद्यार्थिनी, पथारीवाल्या आणि स्त्री-संघटनांच्या कार्यकर्त्या यांच्या बैठकीत केलेलं भाषण. बोलण्याच्या ओघातली पुनरुक्ती काढून इथे देत आहोत.)



आजचा विषय कळल्यावर दोघी-तिघींनी विचारलं, "हुंडा, मारहाण, पोटगी, रेशन हे सगळं पडलेलं असताना आपण फुटपाथ आणि दुकानं यांवर कशाला बोलायचं? ते काम वाहतूकवाल्यांचं, पर्यावरणवाल्यांचं." प्रश्न रास्त आहे. घराच्या आत काय होतं ते बोलायला आपण शिकलो, कारण ते कोणी बोलतच नव्हतं. पण घराचा उंबरठा ओलांडल्यावर बाई जिथे पाय ठेवते ती जागाही कोणीतरी आखलेली असते. ती कोणासाठी आखली, कोणाला विचारून आखली, हे विचारणं आपलंच काम आहे.

पुण्यात गेली दहाएक वर्षं एक कल्पना वेगवेगळ्या नावांनी पुढे येते आहे. कॉलेजांच्या शेजारच्या रस्त्यांवर मोटारींना कमी आणि पायी चालणाऱ्यांना जास्त जागा द्यायची. कडेने दुकानं, खाण्याची ठिकाणं, नाटक, सिनेमा, बसायला बाकं. संध्याकाळी माणसांनी तिथे यावं, फिरावं, खरेदी करावी, रेंगाळावं. २०१६ मध्ये पुणे महापालिकेनं पादचारी धोरण स्वीकारलं आणि रस्त्यांच्या आखणीसाठी मार्गदर्शक तत्त्वंही त्याच वर्षी आली. पुढे जंगली महाराज रस्त्यावरचे पदपथ रुंद झाले, बाकं बसली, मुलांना खेळायला थोडी जागा निघाली. फर्ग्युसन रस्त्यावरही पदपथांचं काम झालं. २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन म्हणून लक्ष्मी रस्त्याचा काही भाग गाड्यांना बंद ठेवण्याचा उपक्रम महापालिकेनं सुरू केला.

जंगली महाराज आणि फर्ग्युसन हे समांतर जाणारे दोन रस्ते म्हणजे या कल्पनेचं पुण्यातलं ठळक उदाहरण. १८८५ साली सुरू झालेलं फर्ग्युसन महाविद्यालय इथे आहे. बीएमसीसी, मॉडर्न, गरवारे, गोखले संस्था सगळी चालत जाण्याच्या अंतरावर. वैशाली-रूपालीपासून हाँगकाँग गल्लीपर्यंत खाणं आणि खरेदी. बालगंधर्व रंगमंदिर, संभाजी उद्यान, पाताळेश्वर. मागच्या बाजूला नदीकाठानं मेट्रो. बाहेरगावाहून शिकायला आलेल्या हजारो मुली पहिल्या आठवड्यात जो रस्ता पाठ करतात तो हाच. तेव्हा आजचं बोलणं मी या परिसराला धरून करणार आहे.

आधी आपल्या भाषेकडे बघू या. मुलगा संध्याकाळी बाहेर असला तर तो 'मित्रांबरोबर' असतो, फार तर 'उनाडक्या करतो'. मुलगी बाहेर असली की 'भटकभवानी'. बाजारात गादीवर बसणारा पुरुष शेठ असतो, आणि 'बाजारबसवी' ही मात्र शिवी आहे. शब्द एवढाच सांगतो की ही बाई बाजारात बसते. बाजारात बसणं हाच गुन्हा! कॉलेजच्या आयुष्यात कट्ट्याला केवढं महत्त्व. कविता, राजकारण, निवडणुका, मैत्र्या सगळं कट्ट्यावर ठरतं असं आपण कौतुकानं सांगतो. पण कट्ट्यावर बसणारे बहुतेक मुलगेच असायचे आणि मुली समोरून मान खाली घालून जायच्या, हे त्या कौतुकातून गळतं. आता मुली बसतात, ही बदलाची गोष्ट खरी आहे. पण किती वाजेपर्यंत बसतात, आणि कुठल्या मुली बसतात?

बाईला रस्त्यावरून जायला परवानगी आहे, कारण तिला काम असतं. भाजी आणायची, मुलाला शाळेत सोडायचं, नोकरीवर जायचं. थांबायला परवानगी नाही. कारणाशिवाय थांबलेली बाई दिसली की लोक कारण शोधतात, आणि बहुतेकदा ते घाणेरडं असतं. म्हणून बस-स्टॉपवर मैत्रिणीची वाट बघतानाही आपण हातात मोबाईल धरतो, घड्याळ बघतो, आपल्याला काम आहे असं दाखवत राहतो. मुंबईच्या शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ मध्ये 'व्हाय लॉयटर?' या पुस्तकात हाच मुद्दा मांडला. स्त्रीला शहरात सुरक्षितता मिळते ती 'चांगल्या घरची' म्हणून, सशर्त. त्यांची मागणी निरुद्देश भटकण्याच्या हक्काची आहे. ऐकायला ती चैन वाटते, पण विचार करा, ज्या जागेवर थांबण्यासाठी रोज पुरावा द्यावा लागतो ती जागा आपली असते का?

१८४८ मध्ये भिडे वाड्यातल्या शाळेत शिकवायला जाणाऱ्या सावित्रीबाईंवर शेण आणि चिखल फेकला गेला, हे आपण प्रत्येक ३ जानेवारीला सांगतो. सांगताना शाळेवर भर देतो. पण शेण फेकलं गेलं ते शाळेत नाही, रस्त्यात. बाईनं शिकवू नये असं ज्यांना वाटत होतं त्यांनी तिची वाट अडवली. २०१४ मध्ये पुणे विद्यापीठाला त्यांचं नाव मिळालं. त्या नावाच्या विद्यापीठापर्यंत मुलीला धड चालत जाता येतं का, हा प्रश्न त्या नावातच आहे.

रुंद पदपथ ही आपल्या फायद्याची गोष्ट आहे, हे मी आधी स्पष्ट म्हणते. घरात एक दुचाकी असली तर ती बहुधा पुरुषाकडे असते. बाई चालते, बसनं जाते, सहा आसनीत किंवा रिक्षात बसते. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात मूल, शेजारी सासूबाई. फूटभर उंच आणि मध्येच तुटलेला पदपथ तिच्यासाठी नसल्यासारखाच असतो. ती खाली उतरून गाड्यांमधून चालते. ज्या दिवशी पदपथ सलग आणि सपाट होतो त्या दिवशी म्हातारी बाई, गरोदर बाई, कुबडीवर चालणारी बाई बाहेर पडते. शिवाय दुकानांचा उजेड असतो, माणसांची वर्दळ असते. भिंतीच्या कडेच्या सुनसान रस्त्यापेक्षा गजबजलेल्या रस्त्यावर बाईला मोकळं वाटतं, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. म्हणून पदपथासाठी पार्किंग काढलं की गिऱ्हाईक तुटेल असं व्यापारी म्हणतात, तेव्हा आपण पदपथाच्या बाजूनं उभं राहायचं. चालत येणारी बाई हेही गिऱ्हाईकच आहे.

पण असा परिसर चांगला झाला की नाही, हे कोणी ठरवायचं? उद्घाटनाला आलेले पाहुणे छायाचित्रं बघून ठरवतील. आपण त्या रस्त्यावरच्या चौघीजणींना विचारून ठरवू या.

पहिली, पर्समध्ये वीस रुपये असलेली विद्यार्थिनी. बीड, नांदेड, धाराशिवहून आली आहे, खोलीत चौघी राहतात. तिला संध्याकाळी दोन तास मोकळ्या हवेत बसायचं आहे. काही विकत न घेता बसता येईल अशी जागा तिला आहे का? बाजाराची चाल अशी असते की हळूहळू प्रत्येक सावली कुठल्या तरी हॉटेलची होते, प्रत्येक खुर्चीला बिल लागतं. मॉलमध्ये तर दारावरचा रखवालदारच कपडे बघून ठरवतो. म्हणून सार्वजनिक बाक ही किरकोळ गोष्ट नाही. बाकं हवीत, झाडाखाली हवीत, उजेडात हवीत आणि एकमेकींशी बोलता येईल अशी मांडलेली हवीत. दोन मुलगे गाडी लावून बसले म्हणून पोलिसांनी बाकच उचलून नेलं, असा 'उपाय' आपल्याला नको.

दुसरी, पथारीवाली. कानातली, ओढण्या, रुमाल, गजरे, भाजलेली कणसं विकणारी. या परिसराला जी रंगत आहे, जिच्यासाठी मुली लांबून येतात, ती निम्मी हिच्यामुळे आहे. काचेच्या दुकानात एका कुडत्याचे जेवढे पैसे पडतात तेवढ्यात इथे तीन येतात. पण रस्ता 'सुशोभित' करायचा ठरला की पहिली गाडी येते ती अतिक्रमणविरोधी पथकाची. इथे कायदा आपल्या बाजूनं आहे आणि तो पाठ करून ठेवला पाहिजे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार विक्रेत्यांचं सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रं दिली जाईपर्यंत कोणाला उठवता येत नाही. जागा बदलायची तर ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते. माल जप्त केला तर त्याची यादी करून त्यावर सही द्यावी लागते. मागणी केल्यावर नाशवंत माल त्याच दिवशी आणि इतर माल कामकाजाच्या दोन दिवसांत परत द्यावा लागतो. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे असतात आणि त्यांत एक तृतीयांश स्त्रिया असायलाच हव्यात. प्रमाणपत्र देताना स्त्रियांना प्राधान्य द्यायचं आहे. यादी न देता टोपली उचलली जाते तेव्हा त्या माणसाला अडवून यादी मागणारी एक जण तरी तिथे असली पाहिजे.

कोणी म्हणेल, "ताई, पथाऱ्यांमुळेच तर चालता येत नाही." खोटं नाही. मुलाची ढकलगाडी घेऊन जाणारी बाई आणि पदपथावर बसणारी बाई यांची जागेवरून ओढाताण होते. या दोघींना भांडायला लावून तिसराच जागा घेऊन जातो, आणि तो तिसरा बहुतेकदा चार चाकांवर उभा असतो. एक मोटार उभी राहते तेवढ्या जागेत दोन-तीन जणींच्या पथाऱ्या बसतात. पदपथाची आखणी नीट केली तर चालण्याचा पट्टा पूर्ण मोकळा राहतो, आणि झाडं, बाकं, दिव्याचे खांब, पथाऱ्या यांच्यासाठी रस्त्याच्या बाजूला वेगळा पट्टा निघतो. ही काही नवलाई नाही, पुण्याच्या रस्त्यांच्या आखणीची भाषा आता हीच आहे. प्रश्न इतकाच, की कागदावरच्या त्या पट्ट्यात पथारी लिहिली आहे की नुसतं पार्किंग.

तिसरी, दुकानातली मुलगी. ती गिऱ्हाइकासमोर दहा तास उभी असते. दुकानात सोफा असतो, तो गिऱ्हाइकासाठी. तिचे पाय सुजतात, पाळीच्या दिवसांत कंबर धरते. कित्येक लहान दुकानांत स्वच्छतागृह नसतं, म्हणून ती दिवसभर पाणीच पीत नाही. हे केरळात कसं बदललं ते सांगते, कारण ती गोष्ट अशाच एका रस्त्यावर घडली. कोझिकोडच्या मिठाई तेरुवू या जुन्या बाजाररस्त्यावर शिवणकाम करणाऱ्या पी. विजी यांनी २००९ च्या सुमारास दुकानांत काम करणाऱ्या बायकांची 'पेण्कूट्ट' ही संघटना उभी केली. सुरुवात झाली ती लघवीच्या प्रश्नावरून. मग बसण्याचा हक्क आला. बरीच वर्षं भांडल्यावर २०१८ मध्ये केरळ सरकारनं दुकाने-आस्थापना कायद्यात दुरुस्ती केली आणि कामाच्या ठिकाणी बसायची सोय देणं बंधनकारक झालं. २०२१ मध्ये तमिळनाडूनंही तसा कायदा केला. योगायोग असा, की २०१७ च्या अखेरीस तोच मिठाई तेरुवू नव्यानं बांधून पायी चालणाऱ्यांसाठी खुला करण्यात आला. रस्ता सुंदर झाल्याचं श्रेय सरकारला मिळालं, पण त्या रस्त्यावरच्या दुकानांत बाईला खुर्ची मिळाली ती बायकांच्या भांडणामुळे.

आपल्याकडे २०१७ चा महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम आला. त्यानं स्त्रियांना त्यांच्या संमतीनं रात्री साडेनऊनंतर काम करण्याची मुभा दिली आणि त्यांच्या संरक्षणाची, घरी पोचवण्याची जबाबदारी मालकावर टाकली. पण हा कायदा मुख्यतः १० किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांसाठी केलेला होता, आणि २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं ही मर्यादा २० वर नेण्याचा निर्णय घेतला. फर्ग्युसन रस्त्यावरच्या एखाद्या कपड्याच्या दुकानात किती जणी असतात? तिघी, चौघी. म्हणजे जिला कायद्याची सर्वांत जास्त गरज, तीच कायद्याच्या बाहेर. आणखी एक लक्षात ठेवा. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा मात्र तिलाही लागू आहे. दहापेक्षा कमी कामगार असतील किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर तिनं जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. ही समिती आहे हे किती दुकानांतल्या मुलींना माहीत आहे? पत्रकं वाटायची तर ती इथे वाटली पाहिजेत.

चौथी, पहाटे झाडू घेऊन येणारी आणि कचरा वेचणारी. रात्री अकरापर्यंत या रस्त्यावर जो आनंद होतो त्याचे कागदी पेले, काड्या, उष्टं ती सकाळी उचलते. तिला हात धुवायला नळ नाही, डबा खायला सावली नाही, बदलीचे कपडे ठेवायला खण नाही. सुशोभीकरणाच्या नकाशात कारंजं असतं, पण नळ नसतो.

आता चौघींना एकत्र बांधणारी गोष्ट. ती म्हणजे मुतारी. हा शब्द उच्चारायला संकोच वाटतो म्हणून आपण 'स्वच्छतागृह' म्हणतो, आणि संकोचाचा फायदा महापालिकेला मिळतो. पुरुष भिंतीला उभा राहतो आणि शहर तिकडे दुर्लक्ष करतं. बाई घरातून निघतानाच पाणी कमी पिते आणि मूत्रमार्गाचे विकार अंगावर काढते. या प्रश्नावर पुण्यातूनच न्यायालयात दाद मागितली गेली, हे आजच्या मुलींना ठाऊक असावं म्हणून सांगते. 'मिळून साऱ्याजणी' मासिकानं पुणे महापालिकेविरुद्ध जनहित याचिका केली. डिसेंबर २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं निकाल दिला की स्त्रियांसाठी रस्त्यांवर स्वच्छ, सुरक्षित स्वच्छतागृहं असणं हा राज्यघटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, आणि ती पुरवणं हे महापालिकांचं कर्तव्य आहे. त्यानंतर, २०१६ पासून, जुन्या बसगाड्यांमधून केलेली 'ती' स्वच्छतागृहं शहरात काही ठिकाणी उभी राहिली. कल्पना चांगली होती, पण पुढे त्यातली अनेक बंद पडली. म्हणजे बांधणं सोपं, रोज पाणी, दिवा, कडी आणि सफाई कामगाराचा पगार चालू ठेवणं अवघड. म्हणून आपण इमारत मागताना तिच्या देखभालीचा वर्षाचा खर्चही अंदाजपत्रकात मागायचा.

मनोरंजनाचं बोलू या. बालगंधर्व रंगमंदिर १९६८ मध्ये उघडलं. तिथे नाटकं होतात आणि लावणीचे कार्यक्रमही होतात. म्हणजे मनोरंजन हे बायकांनी बघायचं आहे तसंच बायकांनी करायचं कामही आहे. रात्री साडेनऊचा प्रयोग मध्यरात्रीच्या आसपास सुटतो. पुरुष प्रेक्षक गाडीला किक मारून जातो. बाई प्रेक्षक नवऱ्याबरोबर किंवा भावाबरोबर आली असेल तर जाते, एकटी आलेली दुपारचाच प्रयोग बघते. नाचणारी, कपडेपट सांभाळणारी, तिकीट फाडणारी यांनी कसं जायचं? रस्ता कितीही सुंदर करा, रात्री अकरानंतर बस नसेल तर त्या रस्त्यावरचं मनोरंजन गाडीवाल्यांसाठी राखीव राहतं. ८ मार्च २०१८ ला महिलांसाठी 'तेजस्विनी' बस सुरू झाल्या, तेव्हा आपण स्वागत केलं. पण खरी गरज साध्या बसची आहे, ठरलेल्या वेळी, रात्री उशिरापर्यंत, आणि उजेड असलेल्या थांब्यावर.

आणि वसतिगृहाचं दार? मुलींच्या किती तरी वसतिगृहांत रात्रीची ठरलेली वेळ असते, मुलांच्या दारावर तेवढी सक्ती नसते. दिल्लीच्या विद्यार्थिनींनी २०१५ मध्ये 'पिंजरा तोड' म्हणून याविरुद्ध आवाज उठवला. आपल्या दारातला रस्ता रात्री अकरापर्यंत जागा ठेवायचा आणि शेजारच्या मुलींना नऊला कोंडायचं, मग तो रस्ता नक्की कोणासाठी जागा आहे?

यावर उत्तर येतं ते 'सुरक्षितता'. १ ऑगस्ट २०१२ ला जंगली महाराज रस्त्यावर साखळी स्फोट झाले. त्यानंतर कॅमेऱ्यांची भाषा वाढली. कॅमेरा घडून गेलेलं दाखवतो, आणि तेही कामाचं आहे. पण घडत असताना मदतीला येतो तो माणूस. २५ फेब्रुवारी २०२५ च्या पहाटे स्वारगेटच्या एसटी स्थानकात उभ्या असलेल्या बसमध्ये तरुणीवर बलात्कार झाल्याचा गुन्हा नोंदला गेला, तेव्हा सगळ्यांनी विचारलं की एवढ्या गजबजलेल्या ठिकाणी हे कसं घडलं. गजबज होती, पण त्या अंधाऱ्या बसवर कोणाचं लक्ष नव्हतं. आपल्याला हवी आहेत ती लक्ष देणारी माणसं. रात्री कणसं विकणारी मावशी ही त्या रस्त्यावरची राखणदार असते. तिला उठवून तिथे खांब आणि कॅमेरा लावला, तर सुरक्षितता वाढली की कमी झाली?

इथे एक सावधगिरी सांगते. आपल्या सुरक्षिततेच्या नावावर वस्तीतल्या मुलांना, परप्रांतीय विक्रेत्यांना, तृतीयपंथीयांना हुसकून लावायची सोय केली जाते. 'टपोरी नकोत, चांगल्या घरच्या मुली येतात' असं म्हणत रस्ता झाडून घेतला जातो. पाठलाग करणं, शेरे मारणं, अंगाला हात लावणं हे गुन्हे आहेत. पाठलाग तर २०१३ च्या दुरुस्तीनं कायद्यात स्पष्ट गुन्हा ठरला. तो करणारा झोपडीतला असो की मोटारीतला, त्याच्यावर गुन्हा नोंदवा. पण न केलेल्या गुन्ह्यासाठी, नुसत्या कपड्यांवरून, कोणाला हाकलायला आपण आपलं नाव वापरू देता कामा नये. आज जो नियम त्यांना लावला जाईल तो उद्या पथारीवालीला आणि परवा कट्ट्यावर बसलेल्या तुम्हालाच लावला जाईल.

आता विद्यापीठाकडे येते. गणेशखिंडीत विद्यापीठाचा चारशेवर एकरांचा हिरवा परिसर आहे, आणि त्याच्या दारातला चौक मात्र पायी ओलांडणं हे धाडस आहे. तिथला उड्डाणपूल २०२० मध्ये पाडला, कारण हिंजवडी-शिवाजीनगर मेट्रोसाठी नवी रचना करायची होती. त्या मार्गावर विद्यापीठासाठी स्थानक धरलेलं आहे. मेट्रो स्थानकांच्या भोवती ५०० मीटरच्या परिसरात जादा चटईक्षेत्र देण्याचं सरकारचं धोरण आहे. म्हणजे जिथे स्थानक तिथे दुकानं, हॉटेलं, सिनेमागृहं येणार. फर्ग्युसन रस्ता शंभर वर्षांत आपोआप घडत गेला, त्यात चुकतमाकत पथारीवालीला जागा मिळाली. नवा परिसर एका नकाशावर, एका निविदेत घडतो. निविदेत जी नाही ती नंतर रस्त्यावरही नसते. म्हणून बोलायची वेळ आत्ताच आहे.

विद्यापीठानं रस्त्याशी नातं कसं जोडावं याचं उदाहरण पुण्यातच आहे. कर्वे रस्त्यावरच्या एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढशिक्षणाच्या कामातून कचरा वेचणाऱ्या बायकांशी संबंध आला, आणि १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. पुढे त्यातूनच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था आली. शिक्षिका वर्गातून उठून कचऱ्याच्या ढिगापर्यंत गेल्या. आज वास्तुरचना, समाजशास्त्र, कायदा शिकणाऱ्या मुलींनी शेजारच्या रस्त्यावर तेवढं तरी जावं.

काय करायचं ते थोडक्यात सांगते.

एक. आपल्या कॉलेजपासून बस-थांब्यापर्यंतचा रस्ता वही घेऊन चाला. एकदा दुपारी, एकदा रात्री नऊला, एकदा अकराला. चालू दिवे, बंद दिवे, बाकं, स्वच्छतागृहं, त्यांना कडी आहे की नाही, पाणी आहे की नाही, सगळं लिहा. पथारीवाली, दुकानातली मुलगी, झाडूवाली यांना बरोबर घ्या.

दोन. ती वही क्षेत्रीय कार्यालयात न्या. पुणे महापालिकेत नागरिकांनी आपल्या प्रभागातली कामं सुचवण्याची, सहभागी अंदाजपत्रकाची, पद्धत २००६-०७ पासून आहे. त्यात बाकं, दिवे, स्वच्छतागृह आणि त्याची देखभाल मागा. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढे जवळजवळ चार वर्षं कारभार प्रशासकाच्या हाती होता. त्या काळात कोणाला विचारायचं हेच कळत नव्हतं. निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत, तर त्या बायकांना आपण बोलावून हा रस्ता रात्री चालायला लावला पाहिजे.

तीन. पथविक्रेता समितीत आपल्या भागातली स्त्री प्रतिनिधी कोण ते शोधा. ती नुसती सहीपुरती असेल तर तिच्या पाठीशी उभ्या राहा.

चार. दुकानातल्या मुलींसाठी खुर्ची आणि स्वच्छतागृह ही मागणी महाराष्ट्रातही कायद्यात यावी म्हणून सह्या गोळा करा. ज्या दुकानात तुम्ही खरेदी करता तिथे साधा प्रश्न विचारा, "हिला बसायला काही आहे का?" गिऱ्हाइकानं विचारलं की मालक ऐकतो.

पाच. वसतिगृहाच्या वेळेबाबत मुलींनी एकत्र निवेदन द्या. एकेकटीनं विचारलं तर घरी पत्र जातं, दोनशे जणींनी विचारलं तर बैठक बोलवावी लागते.

यातली कुठलीच मागणी फार खर्चाची नाही. एखाद्या उड्डाणपुलाच्या खर्चात शहरभर बाकं आणि स्वच्छतागृहं होतील. अडतं ते पैशापाशी नाही. बाई ही रस्त्यावरून जाणारी आहे, रस्त्यावर असणारी नाही, या समजुतीपाशी अडतं. ती समजूत नकाशे काढणाऱ्यांच्या डोक्यात आहे, पोलिसांच्या डोक्यात आहे, आपल्या आयांच्या आणि कधी आपल्याही डोक्यात आहे. ती नुसत्या भाषणानं जाणार नाही. रोज संध्याकाळी बऱ्याच जणींनी, वेगवेगळ्या वयाच्या, वेगवेगळ्या वस्त्यांतल्या बायकांनी, त्या रस्त्यावर बसण्यानं ती जाईल.

बैठक संपल्यावर गटवार याद्या करायच्या आहेत. प्रत्येक गटानं एक रस्ता घ्यावा. पुढच्या अंकापर्यंत निदान पाच रस्त्यांच्या वह्या भरून याव्यात एवढी अपेक्षा ठेवते आणि थांबते.